पंधरा तासांचं अंतर

मी एकतीस वर्षं पोलादपूर तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवला, आणि विमानात मात्र आजवर एकदाही बसले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी तोंडात बोटं घालायला नकोत. रेखावृत्तं, प्रमाणवेळ, आंतरराष्ट्रीय वाररेषा हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. एका रेखांशाला चार मिनिटं. पोरं मला टरकून असायची, आणि तसं असणं मला आवडायचं. प्रमाणवेळेच्या गणितात उत्तर चुकलं की मी सरळ भोपळा द्यायचे. पायऱ्या बरोबर आहेत, शेवटी नुसती वजाबाकी चुकली, अशी रड घेऊन कुणी आलं तर सांगायचे, पायऱ्यांचे गुण गणिताच्या सरांकडे मागा. मुंबईला जाणारा माणूस पनवेलला उतरला तर तो मुंबईला पोचला असं आपण म्हणतो का?

निवृत्त झाले तेव्हा शाळेतला जुना पृथ्वीगोल भंगारात निघाला होता. त्याची दांडी मोडली होती आणि दक्षिण ध्रुवाला भोक पडलं होतं. तो मी महाडला घरी आणला. टीव्हीशेजारी ठेवलाय. रोज पुसते.

माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्रीच्या खोऱ्यात आहे. माझा थोरला भाऊ तिथेच शेती करायचा. गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात तो गेला. घरी आता वहिनी एकट्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी चौथीत होते, माझी वेणी त्यांनीच घातली, त्यामुळे मी भूगोलाची बाई झाले काय आणि निवृत्त झाले काय, त्यांच्या लेखी मी घरातली धाकटी ‘बाय’च राहिले. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये एका हॉटेलात आचारी आहे. तो माझ्याच शाळेत शिकला. शाळेत मला बाई म्हणायचा आणि घरी आत्या. भूगोलात कच्चा होता, आणि नेमका जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

सहा वर्षांत तो आला नव्हता. आधी महामारीत त्या देशाने दारं बंद केली. मग कायम राहण्याच्या परवान्याचे कागद कुठल्याशा कार्यालयात अडकले, आणि ते अडकलेले असतानाच भाऊ गेला. त्या वेळी बाहेर पडला असता तर परत आत घेतलं नसतं. बापाचं शेवटचं दर्शन त्याने फोनवर घेतलं. वाटेत रेंज मिळते तिथे तिरडी थांबवली, फोन मी धरला होता. पावसाने काच भिजत होती, मी पदराने पुसत होते, आणि तो तिकडून सारखं एकच म्हणत होता, “आत्या, खांदा कुणी दिला?” मी म्हटलं, चुलत्यांनी दिला, भावकीने दिला.  तो प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही.

आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. प्रत्येक घराच्या अंगणाच्या तोंडाशी पालखी क्षणभर थांबते, पुढचा दांडा त्या घरातला माणूस खांद्यावर घेतो आणि अंगणातून घराच्या ओटीपर्यंत पालखी आणतो. मग ती पाटावर बसते, बायका देवीची ओटी भरतात, गुरव त्या घराचं गाऱ्हाणं घालतो. आमच्या घरचा दांडा चाळीस वर्षं भावाने धरला. तो गेला त्याच्या पुढच्या शिमग्याला वर्ष फिरलं नव्हतं म्हणून पालखी दारात आली नाही. म्हणजे यंदा त्याच्यामागे पहिल्यांदा येणार होती. वहिनींनी दिवाळीपासूनच पोराला फोनवर सांगायला सुरुवात केली होती. “बापाला खांदा द्यायचा राहिला तो राहिला. देवीआईच्या पालखीला तरी दे. तो दांडा तुझ्या खांद्यावर मला बघायचाय.” बाकी त्या कशाला म्हणजे कशाला हट्ट करणाऱ्या नव्हेत. गेली दहा वर्षं गुडघा दुखतोय, पण दवाखान्यात न्या म्हणून कधी बोलल्या नाहीत.

त्याची रजा शेवटपर्यंत नक्की होत नव्हती. मंगळवारी मला महाडला त्याचा निरोप आला: “तिकीट मिळालं. गुरुवारी दुपारी तीनचं विमान. शुक्रवारी घरी. आईला सांग.” पालखी शुक्रवारचीच होती.

कुठल्याही शहाण्या माणसाने उलट विचारलं असतं, की बाबा, शुक्रवारी किती वाजता? मला ते सुचलं नाही, कारण उत्तर मला येत होतं.

मी गोल पुढ्यात घेतला. ओटीच्या सामानातला गजऱ्याचा धागा काढला, एक टोक ऑकलंडवर धरलं आणि दुसरं मुंबईवर ताणलं. धागा ऑस्ट्रेलियावरून, हिंदी महासागरावरून सरळ आला. पट्टीवर मोजला तर एकोणतीस सेंटिमीटर. माझ्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर. म्हणजे बारा हजार तीनशेच्या आसपास. मग शेजारच्या मुलीला हाक मारली. तिने फोनवर दोन विमानतळांची नावं घातली की मधलं अंतर आणि लागणारा वेळ सांगणारं एक पान काढून दिलं. तिथेही बारा हजार तीनशेच्या आसपास, आणि वेळ पंधरा तास. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी त्या पोरीला लाडू दिला. भंगारातला गोल आणि गजऱ्याचा धागा, आणि उत्तर फोनशी जुळतंय!

पुढचं सोपं होतं. तिकडचे दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेसात. तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, तेही मी धरलं. सामान्य माणूस तिथे हमखास चुकतो. साडेसातात पंधरा मिळवले, रात्री साडेदहाला मुंबई. सामान, पासपोर्टचे शिक्के, गाडी याला दोन तास. शिमग्याची गर्दी आणि हायवेची कामं धरून घरापर्यंत सहा-साडेसहा तास. शुक्रवारी सकाळी सातला पोरगा दारात. खाली मी सवयीने दोन रेघा ओढल्या.

त्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की ही वेळ सरळ, कुठेही न थांबता जाणाऱ्या विमानाची आहे. ते मी वाचलं नाही. ऑकलंडहून मुंबईला सरळ विमानच नसतं, हे मला ठाऊक नव्हतं. आणि दर वर्षी आठवीच्या वर्गात मीच फळ्यावर पोलादपूर आणि महाबळेश्वर असे दोन ठिपके काढून दाखवायचे, की बघा, रेघ केवढीशी, आणि घाटातला रस्ता तिच्या दुप्पट. नकाशावरच्या रेघेने कुणी प्रवास करत नाही, हे माझंच वाक्य. परीक्षेला हमखास यायचं.

बुधवारी मी माहेरी गेले. तो धागा पर्समध्ये टाकून नेला होता. वहिनी चुलीपुढे पुरण वाटत होत्या. मी धागा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “हे बघा तुमच्या लेकाचं अंतर. पंधरा तास.”

त्यांनी धागा बोटाला गुंडाळला. “एवढाच?”

“एवढाच.”

“पंधरा तास म्हंजे आज जेवून निघाला तर उद्या न्याहारीला हितं.” त्या हसल्या. “मी उगाच म्हणत होते, लई लांब हाय, लई लांब हाय. जवळच हाय की गो.”

तिथे थांबले असते तरी बिघडलं नसतं. पण मी थांबणारी नव्हे. आमचं घर वाडीच्या वरच्या टोकाला, ओढ्यापलीकडे आहे, म्हणून पालखीच्या क्रमात ते शेवटचं. वर यायला दुपारचे चार-साडेचार वाजतात. वहिनींचा पालखी येईपर्यंत कडक उपास, आणि त्यांना शुगरच्या गोळ्या चालू. पोरगा सातला येणार, रात्रभर जागा, मग चारपर्यंत ताटकळणार. मला वाटलं, पालखीच सकाळी आणावी. नऊला येऊ दे. पोरगा आंघोळ करून दांडा धरील, वहिनी जेवतील, सगळे सुटतील.

पालखीचं सगळं बघणारा गावकार माझा विद्यार्थी. त्याला बोलावून सांगितलं, तसा तो डोकं खाजवायला लागला.

“बाई, क्रम आजवर कधी बदलला नाय. पयलं मानाचं घर, मग खालनं वर.”

“मानाचं घर पहिलं राहू दे. दुसरं आमचं करा.”

“म्हंजे खांदेकऱ्यांनी वर चढायचं, परत खाली उतरायचं, परत वर...”

“तरण्याताठ्या पोरांना एक चढ जास्त होतोय का रे? सहा वर्षांनी पोरगा येतोय. आणि सातला पोचतोय, मी हिशेब केलाय.”

“तुमी हिशेब केलाय म्हंजे बरोबरच असंल,” तो म्हणाला, आणि गेला सगळ्या घरांना सांगायला. एकतीस वर्षांच्या धाकाचा असाही उपयोग होतो.

शुक्रवारी सात वाजले, साडेसात वाजले. वहिनींनी दारात रांगोळी घातली होती, कोऱ्या टॉवेलची घडी पोराच्या खांद्यासाठी खुर्चीवर ठेवली होती. मी म्हटलं, माणगावला वाहनं अडली असतील. पावणेआठला मात्र राहवेना. आमच्या घरी फोनला रेंज नाही, ती पाण्याच्या टाकीपाशी मिळते. तिथे चढून गेले. फोन उघडल्याबरोबर निरोप वाजला. पहाटे दीडचा होता, त्याच्या आवाजातला.

“आत्या, दोहाला उतरलो. साडेसतरा तास बसून पाठीचा पार भुगा झालाय. इथून तीन तासांनी मुंबईचं विमान. सकाळी आठला उतरतो, चारपर्यंत घरी. आईला सांग, काळजी करू नको, आपल्याकडे पालखी चारलाच येते ना, बरोबर पोचतो.”

दोहा कुठे आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. अरबस्तानात. म्हणजे पोरगा आमच्या दक्षिणेकडून, आम्हाला मागे टाकून, समुद्र ओलांडून पलीकडे गेला होता आणि आता परत येणार होता. त्याने दिवस बघून, पालखीची वेळ बघून तिकीट काढलं होतं. भूगोलात कच्च्या असलेल्या त्या पोराचा हिशेब अगदी बरोबर होता. मी मध्ये पडले नसते तर तो आणि पालखी एकाच वेळेला दारात आले असते. मला टाकीच्या कट्ट्यावर बसावं लागलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तशीच धावत खाली गेले. पालखी मानाच्या घरी पोचली होती, ढोल वाजत होते. गावकाराला बाजूला घेऊन म्हटलं, “चूक झाली रे. आमच्याकडे चारलाच या.”

त्याचा चेहरा पडला. “बाई, आता कसं व्हईल? तुमच्या घराचा सांगावा देवीपुढं देऊन झालाय. सांगावा दिलेलं घर टाळून पालखी पुढं नेता येत नाय. आणि दोनदा तर एका दारात येत नाय.” हे मलाही ठाऊक होतं. मी त्याच गावची आहे.

वहिनींना सांगायला वर चढले तो चढ मला आठवतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. विमान पुढे जाऊन मागे येतं हे मात्र त्यांना काही केल्या पटेना.

“आपल्या जवळनं गेला ना? मग उतरवत नाय काय? आपली एसटी फाट्यावर उतरवते.”

“विमानाला फाटा नसतो, वहिनी.”

“आनि चारला येनारच होता व्हय तो?”

“हो.”

त्या टॉवेलाची घडी उचलून मांडीवर घेऊन बसल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पालखी अंगणाच्या तोंडाशी आली. पुढचे दोघे खांदेकरी रिवाजाप्रमाणे बाजूला झाले, दांडा हातांवर तोलून उभे राहिले. ढोल थांबले. वहिनींचा चुलत दीर पुढे आला, दांड्याला हात लावणार इतक्यात वहिनी उठल्या.

“तुमी नको, भावजी. पालखी हिनं बोलावलीय. हीच आनील.”

आणि कोऱ्या टॉवेलाची घडी त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवली.

आमच्या गावात बाईने दांडा धरलेला मी पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. गावकाराने गुरवाकडे बघितलं. गुरव म्हातारा, माझ्याबरोबर चौथीपर्यंत एका बाकावर बसलेला. त्याने पालखीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “घरचं मानूस पायजे, एवढाच नेम हाय,” तो म्हणाला. “ही ह्या घरात जन्मली, मी साक्षीला हाय. घे गो. आनि घड्याळ बघू नको, नायतर परत चुकशील.”

अंगणात हशा पिकला. मीसुद्धा हसले, आणि हसता हसता मला रडू आलं.

दांडा जड असतो. फोटोत दिसतो त्याहून पुष्कळ जड. खांद्याच्या हाडावर बसला की मान वाकडी होते आणि नजर जमिनीवरच राहते. अंगणाच्या तोंडापासून ओटीपर्यंत बारा-तेरा पावलं असतील. भाऊ हे अंतर नाचत यायचा, मी एकेक पाऊल मोजत आले. शेजारून गावकाराने दांड्याला खालून हात दिला होता, ते मला नंतर कळलं. मनात एकच विचार होता, की ही जागा माझी नाही. भावाची आहे, आणि आज त्याच्या पोराची होती.

पालखी पाटावर बसली. वहिनींनी ओटी भरली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, त्यात “आभाळात असलेल्या लेकराला सुखरूप आन” असंही म्हणाला. त्याला कोण सांगणार, की लेकरू आत्ता मुंबईच्या रांगेत बॅगेची वाट बघत उभं आहे. पालखी निघून गेली, वहिनी चार घास जेवल्या, गोळी घेतली. मी जे ठरवलं होतं ते सगळं झालं, फक्त ज्याच्यासाठी ठरवलं तो नव्हता.

साडेचारला गाडीचा हॉर्न वाजला. त्याचं पोट सुटलंय, कानाजवळ केस पांढरे झालेत. आईच्या पायावर डोकं ठेवून तो बराच वेळ उठला नाही. खालच्या घरी ढोल वाजत होते, ते ऐकून म्हणाला, “बरोब्बर वेळेत आलो ना?”  मीच सांगितलं, धाग्यापासून दांड्यापर्यंत सगळं, काही न लपवता. ऐकून झालं तसा तो उठला. मग तसाच, प्रवासाच्या कपड्यांनी, खालच्या घरी धावला. तिथे गर्दीत त्याला खांदा मिळाला. पण तो सगळ्यांनाच मिळतो.

संध्याकाळी तिघं जेवायला बसलो. पुरणपोळी, दूध. माझा खांदा सुजला होता, त्याने जेवणाआधी बाम चोळून दिला होता. तो राग धरणारा नाही, बापावर गेलाय.

“आत्या,” तो म्हणाला, “अंतर बरोबर, घड्याळाचा फरक बरोबर, नुसतं विमान चुकलं. आता तरी पायऱ्यांचे गुण देणार की नाही?”

“भोपळा,” मी म्हटलं. “नियम म्हणजे नियम.”

वहिनी आम्हाला वाढत होत्या. त्यांनी पोळीचा डबा खाली ठेवला, कमरेची पिशवी काढली आणि तिच्यातून तो धागा काढून पोराच्या ताटाशेजारी ठेवला.

“हिला बोलू नको,” त्या म्हणाल्या. “ही पंधरा तास बोलली आनि चोवीस लागले. हिची चूक नऊ तासांची. हा धागा माझ्याकडं बुधवारपासनं हाय. रोज बोटाला गुंडाळून बघते. एवढंसं अंतर, रे. तुला सहा वर्षं का लागली?”

दूध-पोळी कालवणारा त्याचा हात थांबला. परवाना, कागद, रजा, ही सगळी कारणं मला माहीत होती, आणि त्यातली एक-दोन माझ्या तोंडाशी आलीही होती. पण प्रश्न मला विचारलेला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच मी दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघत गप्प बसले.